शिकार शिकायचीये? बंदूक नंतर, आधी दुर्बीण घ्या (८×४२, दोन सीझन वापरून)

दोन सीझन झाले म्हणून आता लिहितोय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, कारण नवीन वस्तूचा बॉक्स उघडताना सगळंच भारी वाटतं. पण ही दुर्बीण आता पावसात भिजलीये, खडकावर आपटलीये, एकदा चिखलात पालथी पडलीये आणि एकदा तर गाडीच्या टपावर ठेवून मी तसाच निघालो होतो (पडली नाही, नशीब). म्हणजे जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

वस्तू काय तर ८×४२ ची रूफ प्रिझम (म्हणजे सरळ नळ्यांची) दुर्बीण, मधल्या किमतीची. खेळण्यातली नाही, आणि ज्यांचं नाव घेताना लोक आवाज खाली करतात त्या बड्या कंपन्यांचीही नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली थोडी बोंब मारणार आहे, आणि खरं सांगायचं तर या लेव्हलला चार-पाच कंपन्यांच्या ८×४२ मध्ये एकोणीस-वीसचाच फरक असतो. तेव्हा हा रिव्ह्यू एका मॉडेलचा कमी आणि नवशिक्या शिकाऱ्याने अशी दुर्बीण घ्यावी का, घेताना काय बघावं याचा जास्त आहे.

सुरू करण्याआधी एक. तुम्ही राहता तिथे शिकार कायदेशीर आहे का, असली तर कोणत्या जनावराची, कोणत्या महिन्यात, लायसन्स काय लागतं, कोर्स सक्तीचा आहे का, हे नीट बघितल्याशिवाय यातलं काहीही विकत घेऊ नका. जिथे बंदी आहे तिथे बंदी आहे, विषय संपला. दुर्बीण तरीही घ्या हवं तर, पक्षी बघायला.

तर मी या वाटेला लागलो ते चाळिशीच्या तोंडावर. घराण्यात कुणी शिकारी नाही, बंदूक नाही, जंगलात रात्र काढलेलं तर कुणीच नाही. मांस खातो तर ते ताटात कसं येतं ते एकदा तरी स्वतःच्या हाताने निस्तरावं असं डोक्यात बसलं होतं, एवढंच. सेफ्टीचा कोर्स केला, लेखी परीक्षा दिली, नेमबाजीच्या रेंजवर कागदी टार्गेटवर गोळ्या मारायला शिकलो आणि मग प्रत्येक नवीन माणूस करतो तेच केलं, म्हणजे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून सामानाची यादी काढली. रायफल, त्यावर हा एवढा मोठा स्कोप (नेम धरायची नळी), पानाफुलांच्या डिझाइनचे कपडे दोन जोड, अंगाचा वास घालवायचा स्प्रे, हरणाचा आवाज काढायची शिट्टी आणि चाकू तीन प्रकारचे. तीन! सोलायला अजून एक जनावर मिळालेलं नाही आणि चाकू तीन. यादीत दुर्बीण होती पण सगळ्यात शेवटी, 'बजेट उरलं तर' या खात्यात.

ही यादी मी अण्णांना दाखवली. अण्णा म्हणजे रेंजवर ओळख झालेले गृहस्थ, सत्तरीला टेकलेले, आयुष्यभर हरणांमागे हिंडलेले, आणि कुणी काही विचारलं की आधी अर्धा मिनिट गप्प बसणारे. त्यांनी यादी वाचली, खिशातून पेन काढलं आणि स्प्रे, शिट्टी, दोन चाकू, कपड्यांचा एक जोड यावर रेघा मारल्या. मग रायफलवर बोट ठेवून म्हणाले, "ही तू सीझनभरात किती वेळ चालवणार?"

मी म्हटलं, "म्हणजे... नशीब असेल तर एकदा."

"आणि डोळे?"

यावर काय बोलणार. "दिवसभर," म्हटलं.

"मग पैसे कशावर घालायचे ते तूच ठरव बाबा." आणि यादी परत दिली.

आता एवढं ऐकून शहाण्या माणसाने त्यांनाच विचारलं असतं की अण्णा कुठली घेऊ, पण मी शहाणा नाही. मी घरी आलो आणि ऑनलाइन एक झूमवाली मागवली, १० ते ३० झूम आणि पुढची काच २५ मिलिमीटर. आकडा मोठा दिसला ना, तीसपट! स्वस्तात तीसपट! पार्सल आलं, गच्चीवर जाऊन लावली आणि दोन मिनिटांत डोकं दुखायला लागलं. दोन्ही नळ्या एका रेषेतच नव्हत्या, त्यामुळे लांबच्या टाकीच्या दोन टाक्या दिसायच्या आणि डोळे बिचारे त्यांची एक करायला धडपडायचे. तीसवर नेली तर चित्र इतकं अंधारलेलं आणि इतकं हलणारं की भूकंपात किल्लीच्या भोकातून बघतोय असं वाटायचं. परत करायला तीन आठवडे आणि बारा-पंधरा ईमेल गेले, तो विक्रेता कोण ते जाऊ दे.

त्यानंतर मात्र आकड्यांचा अभ्यास केला. तो इथे टाकतो कारण दुकानात कुणी नीट समजावत नाही आणि अवघड अजिबात नाही.

८×४२ मधला ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. आता ४२ ला ८ ने भागा, ५.२५ येतं. दुर्बिणीतून तुमच्या डोळ्यापर्यंत जो प्रकाशाचा गोल येतो त्याची ही रुंदी, तीही मिलिमीटरमध्ये. दुर्बीण हातभर लांब धरून बघितलीत तर मागच्या काचेत तो पांढरा गोल दिसतो सुद्धा. अंधार पडायला लागला की आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत जाते आणि वय वाढेल तशी कमी उघडते, पन्नाशीकडे साधारण ५. म्हणजे ५.२५ चा गोल माझ्या वयाच्या डोळ्याला तिन्हीसांजेला जवळजवळ पुरतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ होतो. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये ३ च्या जरासा वर. आणि माझ्या त्या झूमवालीचा तीसपटीला १ पण नाही, ०.८३! सुईच्या नेढ्यातून जंगल बघत होतो मी.

हे एवढं महत्त्वाचं का, तर हरीण भर दुपारी उन्हात उभं राहून तुमची वाट बघत नाही. ते हलतं पहाटे आणि संध्याकाळी. बऱ्याच ठिकाणी कायद्याची वेळही सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी असते, आणि त्या दोन अर्ध्या तासांतच निम्मी मजा आहे. दुपारी कुठलीही दुर्बीण चांगलीच दिसते हो, खरी परीक्षा त्या वेळी.

म्हणून दुकानात जाणार असाल तर संध्याकाळी जा, अगदी बंद व्हायच्या वेळेला. ट्यूबलाइटखाली समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून काही कळत नाही. दुकानदाराला विचारून दारात या आणि समोर सगळ्यात अंधारा कोपरा कुठला ते शोधा, पार्क केलेल्या गाडीखालची जागा, झाडाखालचं काळोखं, आणि तिथे काय आहे ते दिसतंय का बघा. मी हेच केलं. आठपटवाली आणि दहापटवाली एकाच कंपनीच्या शेजारी शेजारी घेऊन बघितल्या आणि दहापटीत लांबची पाटी मोठी दिसत होती हे खरं, पण थरथरत होती, वाचेपर्यंत जीव जायचा. आठपटीत ती लहान पण स्थिर, झटकन वाचता आली. शिवाय आठपटीत एका वेळी जास्त रुंद भाग दिसतो, माझ्या या दुर्बिणीत हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदी, तेवढ्यालाच दहापटीत ११० च्या आसपास. उघड्या माळावर, लांब लांबच्या डोंगर-उतारांवर शिकार करणारे दहापट घेतात, ट्रायपॉडला लावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण झाडीत, जिथे शंभर-दीडशे मीटरच्या पुढे तसंही काही दिसत नाही, तिथे नवीन माणसाने आठच घ्यावी असं माझं मत. कुणी भांडायला आलं तर तयार आहे.

चष्मा लावत असाल तर अजून एक बघा, डोळा मागच्या काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. आय रिलीफ म्हणतात त्याला. १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्मा लावून चित्राच्या कडा कापल्या जातात. माझ्यात १७ आहे, चष्म्यासकट व्यवस्थित. बाकी कोटिंगचे (काचेवरच्या थराचे) वगैरे शब्द बॉक्सवर छापलेले असतात त्यातलं 'फुली मल्टी-कोटेड' एवढं असावं, रूफ प्रिझम असेल तर 'फेज कोटिंग' असावं, प्रिझमची काच बीएके-४ असावी, आणि आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून सील केलेली असावी म्हणजे आतून धुकं धरत नाही. हे चार असले की पुढच्या कवितांकडे दुर्लक्ष करा.

आता वापराबद्दल.

पहिल्या सीझनला मी अकरा वेळा बाहेर पडलो आणि अकराही वेळा हात हलवत परत आलो. पण पहिल्या तीन वेळांना मला हरीणच दिसलं नाही आणि शेवटच्या वेळी एका सकाळी सात दिसली, तीही त्याच जागेत. हरणं वाढली नव्हती. मला बघायचं कसं ते कळायला लागलं होतं.

सुरुवातीला मी दुर्बीण कॅमेऱ्यासारखी इकडून तिकडे फिरवायचो, सर्रकन. अण्णांनी एकदा शेजारी बसून बघितलं आणि म्हणाले, "झाडू मारतोयस की काय?" मग त्यांनी बसवलं, पाठ झाडाला टेकवून, कोपरं गुडघ्यांवर, आणि सांगितलं की समोरचा उतार म्हणजे वहीचं पान समज. डावीकडून सुरू कर, एका जागी थांब, दुर्बीण न हलवता नुसते डोळे आतल्या आत फिरव, मग थोडी सरकव, आधीचा थोडा भाग परत येऊ दे, परत थांब. ओळ संपली की खालची ओळ. आधी जवळचं, मग लांबचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की हरीण शोधायचंच नाही, हरणाचा तुकडा शोधायचा. झाडीत सगळ्या रेषा उभ्या असतात, खोडं, फांद्या, गवत, त्यात एक आडवी रेष दिसली की ती एकतर पडलेलं झाड असते नाहीतर पाठ. पानांत एक पान उगाच फडफडलं आणि शेजारची स्थिर आहेत, तर तो कान. काळा ओला ठिपका म्हणजे नाक.

मला जे पहिलं दिसलं ते असंच. घळीच्या पलीकडच्या जाळीत, ऐंशी-नव्वद मीटरवर, एक सुकलेलं पान दोनदा हललं. वारा नव्हता. मी फोकसचं चाक केसाएवढं फिरवलं आणि पुढच्या काटक्या धूसर होऊन मागे आख्खा चेहरा उमटला, डोळ्याच्या वरची फिकट रेघ, ओलं नाक, जबडा आडवा फिरतोय, निवांत रवंथ चाललेलं. दुर्बीण खाली घेतली तर समोर नुसती जाळी. परत लावली तर चेहरा. मी बहुतेक वीस मिनिटं त्याच्याकडेच बघत बसलो, पाय बधिर झाले तरी. जाळीत आरपार बघायला फोकस असा मागेपुढे करायचा असतो हे मला कुठल्याही व्हिडिओत कळलं नव्हतं. याच्यासाठी फोकसचं चाक मऊ आणि नेमकं पाहिजे, आणि इथे या दुर्बिणीला पूर्ण मार्क. अर्ध्या चाकात जवळचं झुडूप ते लांबचा डोंगर.

मार्क कापायचे ते थंडीत. पहाटे गोठवणारी थंडी असली की हेच चाक जाम होतं, आतलं वंगण घट्ट होत असावं, मग हातमोजा काढून जोर लावून फिरवावं लागतं आणि नेमकं पुढे जातं. जॅकेटच्या आत छातीशी धरून ठेवली की ठीक होते, पण मग छातीच्या उबेतली काच बाहेर काढून श्वासाच्या वाटेत धरली की मागच्या काचेवर वाफ. यावर एकच उपाय सापडला, दुर्बीण लावताना नाकाने हळू श्वास सोडायचा आणि तोंड जरा बाजूला. हसू नका, करून बघा.

दुसरी बोंब, डोळ्याकडचे रबरी कप. वर-खाली पिळायचे असतात, चष्मा असेल तर खाली, नसेल तर वर. उजवीकडचा कप सहा महिन्यांत ढिला झाला आणि आपला आपण खाली बसतो. कंपनीला कळवलं तर दुर्बीण पाठवा म्हणाले, महिनाभर लागेल, आणि तेव्हा सीझन तोंडावर होता. पाठवली नाही. आता तिथे एक छोटं रबर गुंडाळलंय आणि काम चाललंय, पण एवढ्या पैशात हे व्हायला नको होतं.

तिसरी, लेन्सची झाकणं. पुढची दोन पहिल्याच दिवशी एक ओढ्यात आणि एक देव जाणे कुठे. चौथी आणि सगळ्यात मोठी बोंब म्हणजे गळ्यातला स्ट्रॅप. सातशे ग्रॅमच्या आसपास वजन आहे, दुकानात हातात काही वाटत नाही, पण ते बारीक पट्टीने मानेला लटकवून सहा तास चाला मग कळतं. शिवाय वाकलं की पेंडुलमसारखी पुढे येते आणि रायफलवर आपटते, टण्ण! त्या टण्ण आवाजाने मी एक अख्खा कळप घालवलाय. खांद्यावरून छातीला बसणारा हार्नेस वेगळा विकत घ्या, पहिल्याच दिवशी घ्या, वजन मानेवरून पाठीवर जातं आणि दुर्बीण छातीला चिकटून राहते. बॉक्समधला स्ट्रॅप नमुना म्हणून ठीक आहे.

पुसण्याबद्दल पटकन. शर्टाच्या टोकाने पुसू नका, काचेवर मातीचे कण असतात ते चोळले की कोटिंगवर ओरखडे. आधी फुंकणीने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि मग कापड. मी पहिल्या महिन्यात बनियनने पुसली होती. दिसतंय अजून.

सेटिंग पण बहुतेक लोक करतच नाहीत. उजवा डोळा बंद करून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी लांबची गोष्ट स्पष्ट करा, मग डावा बंद करून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची छोटी रिंग फिरवून उजव्याला स्पष्ट करा. एकदाच करायचं. हे न करता 'मला दुर्बीण सूट होत नाही' म्हणणारे तीन जण तरी मला भेटलेत.

आता जे सांगायचंय त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

पहिल्या सीझनची आठवी-नववी खेप असेल. संध्याकाळ, उजेड उतरत चाललेला, म्हणजे अजून कायद्याच्या वेळेत पण रंग निघून गेलेले, सगळं करडं. साधारण एकशे वीस मीटरवर झुडपांच्या पलीकडे तपकिरी काहीतरी हललं. थांबलं. परत हललं, खाली वाकल्यासारखं. चरणारं जनावर जसं चार पावलं टाकतं, मान खाली घालतं, परत चार पावलं, अगदी तसं. मला शपथेवर विचारलं असतंत तर मी हरीण म्हणालो असतो. इतकं की माझ्या डोक्याने त्याला पाय, मान, कान सगळं लावून टाकलं होतं. दिवसभर काही दिसलेलं नाही, उजेड संपत आलाय, छाती धडधडतेय, अशा वेळी डोळे तुमचं ऐकत नाहीत, तुम्हाला जे हवंय ते दाखवतात.

रायफल मांडीवर होती, गोळी चेंबरमध्ये नव्हती, अण्णांचा नियमच तो. मी दुर्बीण उचलली आणि फोकस केलं. तपकिरी जॅकेट. खांद्यावरून गेलेला पट्टा आणि त्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल. माणूस होता, खाली वाकून काहीतरी वेचत होता.

मी दुर्बीण खाली ठेवली आणि कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. मी काही केलं नव्हतं, बंदुकीला हातही लावला नव्हता, तरी तळहात ओले झाले होते. कारण मला माहीत होतं की दुर्बीण बजेट उरलं तर या खात्यातच राहिली असती, तर 'नीट बघू' म्हणून मी रायफलचा स्कोप लावला असता. म्हणजे नळी त्या माणसाकडे. स्कोपमधून हरणं शोधणारे लोक असतात, मी नंतर एक पाहिलाय, समोरच्या उतारावरून आमच्याकडेच रोखून 'बघत' होता, अण्णांनी त्या दिवशी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. कोर्समध्ये शिकवतात की ज्याच्यावर गोळी झाडायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, आणि सावज कुठलं आहे, त्याच्या मागे काय आहे हे पक्कं कळल्याशिवाय बोट ट्रिगरवर जात नाही. हे दोन्ही नियम पाठ म्हणून दाखवून मी परीक्षेत पास झालो होतो. ते पाळायचे कशाने, तर या काचेने. स्कोप नेम धरायला असतो, ओळखायला दुर्बीण.

त्या माणसाने भडक केशरी काही घातलं असतं तर मला लांबूनच कळलं असतं, हेही आहे. हरणाच्या डोळ्याला केशरी आपल्यासारखा भडक दिसत नाही, उलट निळा जास्त दिसतो. तेव्हा तुमच्याकडे सक्ती असो नसो, केशरी टोपी आणि जॅकेट घाला, आणि निळी जीन्स घरी ठेवा.

दुर्बिणीचा एक धोकाही सांगतो, तो नवीन माणसालाच असतो. आठपट म्हणजे २४० मीटरवरचं जनावर ३० मीटरवर असल्यासारखं दिसतं. मला एकदा असंच एक दिसलं, इतकं जवळ, इतकं स्पष्ट की मी अण्णांना कुजबुजलो, "मारू का?" अण्णांनी रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) लावला, आकडा माझ्यासमोर धरला. २४०. माझी मर्यादा आम्ही रेंजवर ठरवलेली होती, बसून, टेकून, शंभर मीटर. पुढे अण्णा काही बोललेच नाहीत, नुसता आकडा धरून बसले. जखमी जनावर रात्रभर कुठेतरी पडून राहण्यापेक्षा ते गेलेलं बरं. ते गेलंच.

दुसऱ्या सीझनला मिळालं एकदाचं. मादी, ७० मीटर, आडवी उभी, गोळी पुढच्या पायामागे. त्याबद्दल फार लिहीत नाही, पण दुर्बिणीचं काम गोळीनंतरही असतं हे तेव्हा कळलं. ती उडाली आणि झाडीत शिरली, आणि मी रायफल ताबडतोब सेफ करून खाली ठेवली, दुर्बिणीने ती शेवटची दिसली ते ठिकाण पकडून ठेवलं, दुभंगलेलं खोड आणि त्याच्या डावीकडे पांढरा दगड. अर्धा तास हलायचं नाही, असं अण्णांचं आधीच बजावून झालेलं. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर उठून लांब जातं. उतरल्यावर पांढऱ्या दगडाशी पानांवर रक्त होतं, लाल, फेसाळ, म्हणजे फुप्फुस. पुढे चाळीस पावलांवर ती होती. खूण धरून ठेवली नसती तर त्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या झाडीत अंधार पडेस्तोवर फिरलो असतो. सोलायला पुढे तीन तास लागले. चाकू एकच पुरला.

मार्कांचं म्हणाल तर काचेला पाचपैकी साडेचार, फोकसला पाच (थंडी सोडून), रबरी कपांना दीड, झाकणांना शून्य. रायफल मी नंतर सेकंडहँड घेतली, साधी, अण्णांनी तपासून दिलेली, आणि तिच्यापेक्षा दुर्बिणीला जास्त पैसे गेलेत, याचं घरी अजून कुणाला पटलेलं नाही. पण ती घरी सगळ्यांना चालते, मुलगी तिने चंद्रावरचे खड्डे बघते आणि सेटिंग बिघडवून ठेवते.

कुणी असली घेणार असाल आणि आधी दहापटवाली वापरून बघितली असेल तर खाली लिहा, मला ट्रायपॉडवर ती कितपत फरक पाडते ते ऐकायचंय. आणि बॉक्समधला स्ट्रॅप कुणाला हवा असेल तर माझा जवळजवळ नवाच आहे, घेऊन जा.